तिसऱ्या मजल्यावरची वाम

स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेले भाषण



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘मत्स्यतज्ज्ञ’ अशी करून दिली. ती आधी दुरुस्त करतो. मी एकतीस वर्षे विम्याच्या कचेरीत क्लेमच्या फाइली तपासल्या. मासा म्हटला की तुमच्याप्रमाणे मलाही आधी तो तळलेलाच आठवतो. फरक एवढाच, की ठाण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत गेली अकरा वर्षे एक वाम राहते आहे. ती जिवंत आहे, एवढीच माझी पदवी.

हा विषय मला कोणी दिला नाही, मी मागून घेतला. गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर एक ठराव फिरतो आहे, की शाळेच्या नव्या प्रयोगशाळेला आपल्या वर्गातर्फे खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी द्यावी आणि तिच्यात माझ्याकडे आहे तशी एक वाम ठेवावी. सत्तावीस जणांनी त्याला अंगठा दाखवला. अंगठा दाखवणे याचा अर्थ मराठीच्या बाईंनी आपल्याला वेगळा शिकवला होता, पण ग्रुपवर त्याचा अर्थ होकार असा होतो म्हणतात. मी मात्र अंगठाही दाखवला नाही आणि नकारही कळवला नाही. गप्प बसलो. ते का, ते आज सांगतो.

तुम्हाला जुन्या प्रयोगशाळेतले कपाट आठवते? वरच्या फळीवर मानवी सांगाड्याचा तक्ता गुंडाळून ठेवलेला असे आणि त्याच्या शेजारी फॉर्मॅलिनच्या बरणीत एक वाम. फॉर्मॅलिनमध्ये राहून राहून तिचा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला होता. तोंड उघडे. मुली त्या बाजूच्या बाकावर बसायला तयार नसत, आणि आम्ही मुले बसायचो, पण पाठ करून. एकदा कोणीतरी सरांना विचारले, “सर, ही चावते का हो?” सर म्हणाले, “बरणीतली नाही चावत. जिवंत बघायची असेल तर अमावास्येला माझ्याबरोबर चला.”

आणि ते खरेच घेऊन गेले. नववीतली गोष्ट. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण असते, तसेच त्या दिवसांत ओहोटीही खोलवर जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडप उघडे पडते. शाळेमागच्या त्या खडपात सरांनी आम्हाला चिखलात, गुडघाभर पाण्यात, शेवाळावरून घसरत तीन तास हिंडवले. शिंपले, कुर्ल्या, समुद्रफुले, काटेरी समुद्री साळी, सगळे दाखवले. वाम दिसली ती एका कपारीत. दिसले ते फक्त डोके, तेही क्षणभर.

त्या दिवशी सरांचा एकच नियम होता आणि तो मोडला म्हणून माझ्या कानशिलात बसली होती, त्यामुळे तो माझ्या चांगला लक्षात राहिला. दगड उलटून बघायला हरकत नाही, पण उलटलेला दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. सर म्हणाले, “तुला तो दगड वाटतो. खालच्या बाजूला जे चिकटलेले आहेत त्यांचे ते छप्पर आहे. ऊन लागले की दुपारपर्यंत मरतील.” सर आज आपल्यात नाहीत. पण माझे आजचे सगळे भाषण त्या एका वाक्यावर उभे आहे.

आता वामेकडे येतो.

आपल्या बाजारात येणारी वाम आपल्याला माहीत आहे. माझ्याकडची त्याच मोठ्या गोतावळ्यातली, पण मोरे नावाच्या कुळातली. हे मोरे आपल्या वर्गातले नव्हेत, गैरसमज नको. दुकानात तिला स्नोफ्लेक ईल म्हणतात आणि शास्त्रीय नाव एकिड्ना नेब्युलोसा. हे नेब्युलोसा नाव तिला १७८९ साली मिळाले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हिंदी महासागर, पॅसिफिक ओलांडून पार मध्य अमेरिकेपर्यंत प्रवाळांच्या आणि खडकांच्या उथळ पाण्यात ती आढळते. पांढुरके अंग, त्यावर काळ्या नक्षीच्या दोन ओळी, त्या नक्षीत पिवळे ठिपके आणि नाकपुड्यांच्या पिवळ्या नळ्या. इंग्रजांना त्या नक्षीत हिमफुले दिसली. आपल्याला बर्फ माहीत तो मासळीबाजारातला, त्यामुळे माझ्या आईला ती ‘फोडणीतली मोहरी उडालेली’ दिसते.

ही वाम पूर्ण वाढली तर मीटरभर होऊ शकते. माझ्याकडे आली तेव्हा वीतभरापेक्षा थोडी जास्त होती, आज दोन फुटांच्या पुढे आहे. तिला छातीचे पर नाहीत, पोटाचे पर नाहीत, अंगावर खवले नाहीत. तोंड सतत उघडते आणि मिटते. बघणाऱ्याला वाटते ती डाफरते आहे. प्रत्यक्षात ती श्वास घेत असते. तिच्या कल्ल्यांची भोके लहान असतात, म्हणून तोंडाने पाणी ओढून आत ढकलावे लागते. बरणीतल्या वामेचे तोंड उघडे का होते, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

ही जात मुख्यतः कुर्ल्या आणि कोलंब्या खाते, त्यामुळे तिचे दात सुळ्यांसारखे नसून बोथट, खड्यांसारखे असतात, कवच फोडायला. आणि या कुळाचे खरे नवल घशात असते. बहुतेक मासे तोंड फाकून पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढतात. कपारीत राहणाऱ्या मोरेला तशी ओढ निर्माण करता येत नाही. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की मोरेच्या घशात दुसरा जबडा असतो आणि पहिल्याने पकडलेले भक्ष्य तो दुसरा जबडा पुढे येऊन आत खेचून नेतो. पुढे २०२१ साली मेहतांच्याच प्रयोगशाळेने याच स्नोफ्लेक वामेला उतरणीवरून पाण्याबाहेर यायला शिकवले आणि ती पाण्याच्या मदतीशिवाय कोरड्यावरही घास गिळू शकते हे सिद्ध केले. हे वाचले तेव्हा मला बरे वाटले, कारण माझी वाम डोके पाण्याबाहेर काढून कोलंबी गिळते हे मी सोसायटीत सांगत होतो आणि लोक हसत होते.

आता टाकीविषयी, कारण ठराव टाकीचा आहे.

माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. हिशेब तुम्ही करा, गणिताच्या सरांसमोर मी करणार नाही. वरची मोकळी जागा आणि दगड वजा जाता तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलोच्या वर वजन, त्यावर काच, दगड आणि लोखंडी स्टँड. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला लेखी विचारले होते, की समुद्र तिसऱ्या मजल्यावर आणण्याची परवानगी कोणाची घेतली. टाकी तुळईवर येईल अशी भिंतीलगत ठेवली तेव्हा तो पत्रव्यवहार थांबला.

पाण्यात लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम क्षार लागतात, म्हणजे एकदा टाकी भरायला दहा किलोच्या वर. मीठ म्हटल्यावर तुम्हाला शिरोड्याची मिठागरे आठवतील, १९३० सालचा सत्याग्रह आठवेल. मलाही आठवला. पण मिठागरातले मीठ इथे चालत नाही. पाणी आटताना खडे होतात ते मुख्यतः साध्या मिठाचे, आणि मॅग्नेशियमसारखे बाकीचे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहून जातात. माशाला तेही लागतात. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले खास क्षारमिश्रण आणावे लागते आणि ते क्लोरीन वगैरे काढलेल्या शुद्ध पाण्यात कालवावे लागते.

टाकी भरली म्हणजे झाले, असेही नाही. पाणी मुरावे लागते, लोणच्यासारखे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य, आणि पाणी बदलून ते काढता येते. हे जीवाणू दगडांवर आणि गाळणीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत कोलंबीचा एक तुकडा कुजत ठेवायचा, रोज पाणी तपासायचे आणि घरच्यांना सांगायचे, की हो, सहा आठवडे रिकाम्या टाकीकडेच बघायचे आहे.

दगडांविषयी एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. एका दुकानात मला ‘जिवंत दगड’ म्हणून प्रवाळाचे तुकडे दाखवले होते. आपल्या देशात २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. माझ्या टाकीत साधे कोरडे दगड आहेत आणि वामेचे घर म्हणून दोन इंची पीव्हीसी पाइपाचे तीन तुकडे. प्लंबरच्या दुकानातले. तिला ते पसंत आहेत.

एवढे सगळे करून २०१२ साली मी पहिली वाम आणली. ती आठ महिने जगली.

तिची हकिगत मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही. टाकीत तिच्याबरोबर दोन छोटे मासे होते. त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. हा खाऱ्या पाण्यातला नेहमीचा रोग. मी दुकानात गेलो, त्यांनी तांब्याचे औषध दिले. रोगावर ते चालते, ठिपके जातात. पण ते आजारी माशांना वेगळ्या टाकीत ठेवून द्यायचे असते. शिवाय वामेला खवले नसतात आणि तांबे तिला सहन होत नाही. हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेले होते. मी आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरे वाचायला सांगत आलो. त्या रात्री मी मापाने औषध मोजले आणि सरळ टाकीत ओतले. दुसऱ्या दिवसापासून तिने खाणे सोडले. तिसऱ्या दिवशी ती पाइपाबाहेर येऊन उताणी पडू लागली. मी पाणी बदलत राहिलो, पण दगड तांबे शोषून घेतात आणि हळूहळू परत सोडतात. सातव्या दिवशी ती गेली. ते दोन मासे बरे झाले.

आमच्या फाइलीत शेवटी एक रकाना असे, नुकसानीचे कारण. मला त्यात काय लिहावे लागले असते ते मला ठाऊक होते. दुकानदाराला दोष देऊन सुटता आले असते, पण बाटली माझ्या हातात होती.

मग दुसरी का आणली, असे बायकोने विचारले. त्याचे चांगले उत्तर माझ्याकडे आजही नाही. सगळे दगड आणि वाळू फेकून दिली, टाकी पुन्हा उभी केली, पुन्हा सहा आठवडे पाणी मुरवले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये ही वाम आणली.

आता एक कबुली. जानेवारी २०१४ मध्ये आपल्या वर्गाचा तीस वर्षांचा मेळावा झाला. मी आलो नाही. ऑफिसचे ऑडिट आहे असे कळवले होते. ऑडिट नव्हते. नवी वाम आल्यापासून सहा आठवडे तिने एक घासही घेतला नव्हता. जागा बदलली की मोरे असा उपास धरतात, हे मी वाचले होते. पण पहिली गेली होती ती उपासानेच, असे माझे मन धरून बसले होते. मेळाव्याच्या रात्री तुम्ही इथे गाणी म्हणत होता तेव्हा मी दिवे मालवून, लांब चिमट्यात कोलंबीचा तुकडा धरून टाकीसमोर बसलो होतो. सव्वाअकराला तिने तो घेतला. मी बायकोला उठवून सांगितले. ती म्हणाली, “आता मेळाव्याला जा.”

तेव्हापासून बुधवार आणि रविवार हे तिचे जेवणाचे वार. तिची नजर अधू, सगळे काम नाकावर. चिमटा वापरायचा, हाताने द्यायचे नाही, कारण हाताला कोलंबीचा वास असला की तिच्या दृष्टीने बोट आणि कोलंबी एकच. माझ्या या बोटावर खूण आहे, जेवणाच्या वेळी दाखवीन. नुसत्या कोलंबीवरही ठेवायचे नाही. काही जातींच्या कोलंबीत आणि माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारे विकर असते आणि वर्षानुवर्षे तेच खाऊन मासे आजारी पडतात. म्हणून आलटून पालटून कुर्ली, माकूल, आणि अधूनमधून जीवनसत्त्वाचे थेंब. जून आणि जुलैत मासेमारी बंद, म्हणून मेमध्येच बेगमी करायची. घरी श्रावण पाळतात. त्या महिन्यात आमच्या फ्रीजरमध्ये एकच डबा मांसाहारी असतो आणि त्यावर माझ्या मुलीने लिहून ठेवले आहे, ‘हे बाबांचे नाही.’

दर पंधरा दिवसांनी पन्नास लिटर पाणी बदलायचे. पाणी आटले की वरून फक्त गोडे पाणी घालायचे, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. तापमान पंचवीस-सव्वीस अंश. ठाण्याच्या मे महिन्यात ते राखायला पाणी थंड करणारे यंत्र लागते, आणि त्याचे वीजबिल मी वेगळे भरतो असे मी घरी सांगितलेले आहे.

आणि झाकण. दगड ठेवून दाबलेले, कोपरे बंद केलेले झाकण. मोरे बाहेर पडण्यात पटाईत असतात. २०१८ मध्ये गाळणीची नळी बदलताना कोपऱ्यात दोन बोटांची फट राहिली. पहाटे मुलीने किंकाळी फोडली, “साप!” शेजारी आले, वॉचमन काठी घेऊन आला. मी झोपेतच होतो. सगळ्यांच्या मागून माझी आई आली, गावाहून चार दिवसांसाठी आली होती. तिने न्हाणीघरात डोकावले आणि वॉचमनच्या हातातली काठी काढून घेतली. “साप नाय तो, वाम आसा,” म्हणाली. बादलीतले पाणी तिच्यावर ओतायला निघाली, मग थांबली, मला हाक मारली, “अरे, तुझी वाम भायर इली हा. तुझा खारा पाणी खय?” मी टाकीतले पाणी बादलीत भरले, ओल्या फडक्याने तिला उचलले आणि परत सोडले. न्हाणीघराची फरशी ओली होती म्हणून ती वाचली. हॉलमध्ये पंख्याखाली राहिली असती तर वाळून गेली असती. आई त्या दिवशी एवढेच म्हणाली, “तिका जागा पुरत नाय.”

मित्रांनो, ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

बाजारात येणारी जवळजवळ प्रत्येक मोरे समुद्रातून पकडलेली असते. त्यांची पिल्ले पारदर्शक पानासारखी असतात आणि मोठी होण्याआधी बराच काळ मोकळ्या समुद्रात वाहत असतात. घरात किंवा दुकानात ती वाढवण्याची सोय नाही. म्हणजे माझी वामही कुठल्या तरी खडपातून कोणीतरी उचलली होती. कोणाच्या दगडाखालून, ते दुकानदारालाही माहीत नव्हते.

ग्रुपवर एकाने सुचवले होते, की तुला झेपत नसेल तर गावच्या समुद्रात सोडून दे. त्याचा हेतू चांगला होता. पण ती अकरा वर्षे वेगवेगळ्या समुद्रांतून आलेल्या माशांबरोबर एका पाण्यात राहिली आहे. त्यांच्याकडून तिने कोणते रोग घेतले असतील आणि इथल्या माशांना देईल, सांगता येत नाही. तिचे अन्न अकरा वर्षे चिमट्यातून येते आहे. आणि मुख्य म्हणजे तिचा समुद्र हाच, असे कोण म्हणणार? सरांचा नियम सोपा होता, दगड जिथून उचलला तिथे ठेवायचा. मला त्या दगडाची जागाच ठाऊक नाही. तेव्हा ती जगेल तितके तिला सांभाळणे एवढेच माझ्या हातात आहे. या जातीच्या वाम पंधरा वर्षांहून जास्त जगतात. मी छप्पन्न वर्षांचा आहे, मधुमेह आहे. माझ्या मुलीने स्पष्ट सांगितले, “बाबा, मी नाही.” मला ते पटते.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरची एक कॉलेजात जाणारी मुलगी बघायला आली आणि मग येतच राहिली. आज तिला पाणी तपासता येते, मीठ मोजता येते, बाटलीवरची बारीक अक्षरे मी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. अकरा वर्षांत मी आणि बायको एकत्र तीन दिवस बाहेर पडलो, असे हे पहिल्यांदा घडते आहे, ते तिच्यामुळे. काल रात्री तिचा निरोप आला, ‘काका, खाल्ले.’

आता ठरावाविषयी बोलून संपवतो.

शाळा समुद्राशेजारी आहे, पाणी फुकट आहे, असे ग्रुपवर कोणी लिहिले होते. पावसाळ्याचे चार महिने आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ असते आणि ओढ्या-नद्यांच्या गोड्या पाण्याने त्याचा खारेपणा कमी होतो. ते टाकीत चालणार नाही. वीज गेली की पंप थांबतो आणि तासातासाने पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो. २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आपल्याकडे किती दिवस अंधार होता, ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी. दिवाळीत सुट्टी, गणपतीत सुट्टी. बुधवारी आणि रविवारी कोण येणार? शिपायांवर ते काम पडेल आणि वाम मेली की दोष त्यांच्यावर येईल. पहिल्या वर्षी सगळे उत्साहाने करतील. तिसऱ्या वर्षी कपाटात एक नवी बरणी येईल, आणि तिच्यावर आपल्या वर्गाचे नाव असेल.

म्हणून मी ठरावाला विरोध करतो. माझ्याकडे वाम आहे म्हणूनच करतो.

त्या बदल्यात मी एक मागतो. ठरवलेल्या रकमेतून पंचवीस हातभिंगे, न घसरणारे रबरी बूट, बादल्या, प्रथमोपचाराची पेटी आणि किनाऱ्यावरच्या जिवांचे चांगले रंगीत तक्ते शाळेला द्यावेत. प्रयोगशाळेच्या दारावर भरती-ओहोटीचे वेळापत्रक दर महिन्याला लागावे. वर्षातून दोनदा, हिवाळ्यातल्या खोल ओहोटीला, नववीच्या मुलांना खडपात न्यावे. बरोबर जायला निदान दोन जण आपल्या वर्गातले असावेत. त्यातला एक मी, लिहून देतो. आणि ज्याला वाम टाकीतच बघायची आहे त्याने ठाण्याला यावे. चहा मिळेल, बोट टाकीत घालायला मिळणार नाही.

हे पटले तर ग्रुपवर अंगठा दाखवा. बाईंनी शिकवलेल्या अर्थाने दाखवलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही, पण मग मे महिन्यातला बुधवार कोणाचा, ते नाव त्याच खाली लिहा.

उद्या सकाळी उजाडताना पाणी चांगले ओसरणार आहे. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी सहा वाजता शाळेच्या मागच्या फाटकाशी यावे. चपला घालून येऊ नका, घसराल. काही सापडले तर एकमेकांना हाक मारा. आणि उलटलेला दगड परत ठेवा.